माझ्या डब्याचं माप

मी मोटारसायकल बोलतेय. पण थांबा, लगेच डोळ्यांसमोर चित्र आणू नका, कारण ते अर्धंच येईल. माझ्या डाव्या अंगाला एक डबा जोडलेला आहे. त्याला स्वतःचं चाक आहे, बसायला गादी आहे, पुढे वारा अडवायला हातभर काच आहे. जाणकार त्याला साइडकार म्हणतात, आमच्या घरी नुसतं 'डबा'. दोन चाकं माझी, एक डब्याचं. त्यामुळे मोटारवाले मला मोटार मानत नाहीत आणि मोटारसायकलवाले मला बघून आधी हसतात, मग जवळ येऊन हळूच विचारतात, "एक चक्कर मारून बघू का?"

माझा जन्म एका कारखान्यात झाला आणि डब्याचा दुसऱ्याच. आम्हा दोघांना जोडलं एका मिस्त्रीने. तेव्हा तो तरुण होता, दात सगळे जागेवर होते. त्याने ना फूटपट्टी घेतली ना दोरी. चार ठिकाणी जोड दिले, चार पावलं मागे गेला, एक डोळा मिटला, पुन्हा पुढे येऊन वरच्या दांड्याला पाना लावला आणि म्हणाला, "आता भांडणार नाहीत." खरंच भांडलो नाही.

माझा पहिला मालक फोटोग्राफर. डब्यात कॅमेऱ्याची पेटी, तिपाई आणि काळं कापड. पुढे पुढे लोक म्हणायला लागले, फोटो गाडीतच बसून काढा. किती नवी जोडपी माझ्या डब्यात बसून लाजली असतील, हिशेब नाही. गाडी जागेवर उभी असायची, पण नवरा हँडल असं धरायचा, जणू डोंगर ओलांडतोय.

दुसरा मालक बँडमधला ढोलवाला. त्याचा ढोल कुठल्याच वाहनात मावायचा नाही, माझ्या डब्यात मात्र मापाने बसायचा. खड्डा आला की ढोल आपोआप वाजायचा, आणि लोक वरात आली समजून खिडकीत यायचे. तो म्हातारा झाला आणि मी एका भंगारवाल्याच्या आवारात ताडपत्रीखाली गेले. आठ वर्षं. डब्यात एक कोंबडी राहायला आली. बिचारी चांगली होती. अंडी घातल्यावर ओरडायची तेवढंच. मी म्हणायचे, चला, कोणीतरी डब्यात बसतंय.

तिथून मला उचललं माझ्या आताच्या मालकांनी. त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि मागे शिलाईची खोली. शाळा फारशी नाही. कोट शिवायला शिकले ते एक जुना कोट टाका टाका उसवून. "उसवल्याशिवाय कळत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. गळ्यात कायम मापाची फीत, कानामागे खडू. गिऱ्हाईक दारात आलं की आधी बोलणं, मग बसायला स्टूल, मग कापड. खोलीचं मागचं दार बोळात उघडतं आणि माझी जागा त्या दाराशीच. इतकी वर्षं तिथे उभी राहून मलाही गिऱ्हाईक पारखता येतं. जो म्हणतो "नुसतं बघायला आलोय", तो दोन पँटी शिवायला टाकूनच जातो.

मालकांनी मला घेतलं त्याला कारण होतं मालकीणबाईंचे गुडघे. मालकीणबाई त्याच खोलीत बसून काजं करतात, आणि त्यांच्यासारखं काज गावात कोणाला जमत नाही. पण गुडघ्यांनी संप पुकारलेला. बसची पायरी उंच, मोटारसायकलच्या मागच्या सीटवर टांग टाकून बसणं तर विसराच. त्यांची थोरली बहीण पुलापलीकडे चढावर राहते. रविवारी सकाळी दोघी बहिणी पत्ते खेळतात. डाव मोठा नसतो, भांडण मोठं असतं. ते चुकलं की मालकीणबाईंचा आठवडा आंबतो. माझ्या डब्यात बसणं म्हणजे खुर्चीत बसल्यासारखं. पहिल्या दिवशी त्या बसल्या, काचेवरून इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, मला इथूनच दुकान चालवता येईल."

मालकांनी शोधाशोध करून तोच मिस्त्री गाठला, आता दात नसलेला. वर्षानुवर्षं त्यानेच मला सांभाळलं. मग मागच्या वर्षी त्याचे हात थरथरायला लागले. पाना घसरायला लागला. मुलीकडे दुसऱ्या गावाला निघाला, तेव्हा निरोप घ्यायला आला.

"शेठ, आता हिचं तुम्हीच बघा."

"मी? मला शिलाई मशीनला तेल घालता येतं तेवढंच."

"मग निम्मं येतंय. तेल बदला, चेन बघा, ब्रेक बघा. काही अडलं तर फोन करा. फक्त डब्याच्या जोडाला हात लावू नका."

मालकांनी मान डोलावली. फीत गळ्यात घालणारा माणूस मान डोलावतो तेव्हा फीतही डोलते, त्यामुळे होकार जरा जास्तच वाटतो.

अशी मालकांची माझ्यावरची शिकवणी सुरू झाली. पहिल्यांदा तेल काढलं तेव्हा खाली ठेवायला काही नव्हतं, म्हणून मालकीणबाईंचा कपडे भिजवायचा पत्र्याचा टब घेतला. काळं तेल भळाभळा आलं. मालक खूश. मालकीणबाई दारात आल्या.

"हा कोणाचा टब आहे?"

"आपला."

"आपला होता. आता तुमचा." आणि आत गेल्या. टब घासून घासून झाला, पण त्याचा वास काही गेला नाही.

मग कार्बोरेटर. त्यातलं बारीक भोक बुजलं होतं. मालकांनी शहाणपणा केला आणि मिस्त्रीला फोनवर सांगितलं, "काळजी नको, मी सुईने साफ करतोय." पलीकडून मिस्त्री असा ओरडला की मला बोळात ऐकू आलं. "सुई शिवायला! भोक मोठं झालं तर गाडी पेट्रोल पिऊन झोपेल. फुंकर मारा, फुंकर!" मालकांनी सुई पटकन कॉलरला टोचून ठेवली आणि गाल फुगवून फुंकर मारली.

पण एक गोष्ट मालकांनी अशी केली की मिस्त्रीलाही सुचली नसती. गाडी उघडणाऱ्या नवशिक्यांचं नेहमीचं रडगाणं असतं: जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरतात. मालकांनी बटणांची पुठ्ठ्याची पत्ती घेतली आणि माझा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वॉशर निघेल त्या क्रमाने दोऱ्याने तिच्यावर टाचला. दुकानात बटणं विकायला लावतात ना, तसे. खाली खडूने लिहिलं: 'क्लच बाजू, वरून दुसरा.' जोडताना टाका कापायचा, स्क्रू बसवायचा. एकही उरला नाही. मला तर लग्नाच्या कोटासारखं वाटलं.

दोन महिन्यांत मालकांची चाल बदलली. हात काळे असताना मुद्दाम पुढच्या दुकानात जायचे, म्हणजे कोणीतरी विचारावं. आणि इथेच घोटाळा झाला.

आमच्या समोर एक घड्याळजी बसतो. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या चकत्या हलवतो, त्यामुळे जगातलं सगळं त्याला वाकडं दिसतं. एका शनिवारी तो बोळात आला, माझ्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "शेठ, रागवू नका. तुमची गाडी कललेली आहे."

"कुठे?"

"मागून बघा ना. उजवीकडे झुकलीय. आणि डब्याचं चाक बघा, पुढून आत वळलंय. एवढा सरळ कापणारा माणूस तुम्ही, आणि दारात ही अशी?"

झालं. शिंप्याला सगळं सांगा, पण 'वाकडं आहे' असं सांगू नका. मालक मागे आले, एक डोळा मिटला आणि त्यांना दिसलं. खरंच होतं ते. मी केसभर उजवीकडे कलते, डब्याचं चाक केसभर माझ्याकडे तोंड करून चालतं. त्या तरुण मिस्त्रीने पहिल्या दिवसापासून मला तसंच बसवलं होतं. मला बोलता आलं असतं तर ओरडले असते. पण मला फक्त फुरफुरता येतं, आणि तेही किक मारल्यावर.

संध्याकाळपर्यंत मालकांनी फीत लावली, दोरी ताणली, दोऱ्याला कात्री बांधून ओळंबा सोडला. जोडांचे नट सैल केले. मिस्त्रीचं वाक्य त्यांना आठवलं असावं, कारण एकदा हात थांबला. पण मग घड्याळजीने मान हलवली आणि पाना फिरला. मी काटकोनात उभी राहिले. चाकं तिन्ही समांतर. घड्याळजी म्हणाला, "आता कशी!"

दुसऱ्या दिवशी रविवार. मालकीणबाई पत्त्यांचा जोड पिशवीत घालून डब्यात बसल्या. निघालो आणि पहिल्या शंभर पावलांत मला कळलं. डबा मला डावीकडे ओढत होता. तसा त्याचा काय दोष? त्यात माणूस बसलेलं, रस्ताही कडेला उतरता, आणि मी सरळ उभी राहिले तर त्याची ओढ सांभाळणार कोण? इतकी वर्षं मी जरा उजवीकडे कलून राहायचे, ते त्यासाठीच. मालक हँडल उजवीकडे दाबून धरत होते. बोटांची पेरं पांढरी झाली होती.

"अहो, हळू."

"हळूच आहे गं."

पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कामासाठी वाळू टाकलेली होती. मालकांनी मागून येणारी बस बघायला क्षणभर मान वळवली, हात जरा ढिला पडला, आणि आम्ही तिघंही शांतपणे वाळूच्या ढिगात शिरलो. कोणाला काही लागलं नाही. पण मालकीणबाईंच्या मांडीवर पायली दोन पायली वाळू. त्यांनी पिशवीतले पत्ते काढले, एक एक झटकला, पिशवीत ठेवले. चष्मा पुसला.  

त्या टॅक्सीने घरी गेल्या. मालक मला ढकलत आले.

सोमवारी दुकानात हॉटेलवाले आले. मालकांचे जुने गिऱ्हाईक, कोट शिवायला टाकलेला. त्यांचा माझ्यावर कधीचा डोळा होता. येता-जाता म्हणायचे, "द्या की मला. हॉटेलच्या दारात उभी करतो, डब्यात माती भरून फुलझाडं लावतो. लोक फोटो काढतील." मालक दरवेळी हसून विषय कपड्यावर न्यायचे. त्या दिवशी मालकीणबाईंनी काज करता करता मान वर केली.

"न्या," त्या म्हणाल्या.

"अगं!"

"मी आता त्यात बसायची नाही. ज्याच्यात कोणी बसत नाही, त्यात झाडं लावलेली काय वाईट? येत्या रविवारी टेंपो घेऊन या. दहा वाजता."

मालकांनी गळ्यातली फीत काढली आणि पुन्हा घातली. ज्या बाईला वाळूत घातलं तिच्यापुढे बोलणार काय? हॉटेलवाले कळी खुलल्यासारखे हसत गेले. आणि मी बोळात उभी राहून विचार करत होते: कोंबडी परवडली. तिला निदान बोलता येत होतं. माझ्यात माती भरणार, टाकीत पेट्रोल नाही, किक कोणी मारायची नाही, आणि सकाळ-संध्याकाळ अंगावर झारीने पाणी.

मालकांनी मिस्त्रीला फोन लावला. आधी हवापाण्याचं बोलले. मिस्त्रीने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शेठ, जोडाला हात लावलात."

"लावला."

"हं."

"आता तेवढं माप सांगा. किती कललेली होती? तेवढीच करतो."

"माप कुठलं? मी कधी मोजलंच नाही. हाताला कळायचं."

"मग आता?"

"आता तुमच्या हाताला कळेपर्यंत करा," मिस्त्री म्हणाला. मालकांनी फोन ठेवला आणि माझ्या सीटवर बसून राहिले. टाकीवर बोटाने रेघ मारत होते. मला वाईट वाटलं. गाडी जाणार याचं दुःख त्यांना होतंच. पण ज्या बाईला ऐटीत बहिणीकडे नेत होते, तिचा विश्वास उडालाय, हे जास्त होतं.

बुधवारी हॉटेलवाल्यांची कोटाची ट्रायल होती. कोट हँगरला टांगलेला. मालकीणबाई दोरा ओवत म्हणाल्या, "हा कोट वाकडा झालाय. उजवा खांदा बघा."

"वाकडा नाही," मालक सवयीने म्हणाले. "त्यांचा उजवा खांदा उतरलेला आहे. म्हणून आत भर घातलीय, कापलाही तसाच. हँगरला वाकडाच दिसणार. अंगावर गेला की..."

आणि थांबले. हॉटेलवाल्यांनी कोट घातला. खांदे आरशात एका रेषेत. मालक त्यांच्याकडे बघत नव्हते. उघड्या दारातून माझ्याकडे बघत होते.

"शेठ, बटण लावू का?" हॉटेलवाले म्हणाले.

"लावा. नाही, थांबा. लावा," मालक म्हणाले, आणि कानामागचा खडू काढून सरळ बोळात आले. हॉटेलवाले हात पसरून उभेच.

त्यानंतरचे तीन दिवस म्हणजे माझी ट्रायलच. दुकान उघडायच्या आधी सकाळी. मालकांनी नट पक्के केलेच नाहीत. कच्च्या टाक्यासारखे, फिरायला जाण्यापुरते. वरचा दांडा अर्धा आटा, म्हणजे नटाचा अर्धा फेरा, लांब, खडूची खूण, मोकळ्या रस्त्यावर फेरी. हँडलवरची पकड सैल करायची आणि बघायचं मी कुठे जाते. डावीकडे. परत. आणखी अर्धा आटा. परत.

पण रिकाम्या डब्याने ट्रायल होत नाही. गिऱ्हाईक नसताना कोट कसा बसवणार? मालकांनी डब्यात कापडाचे तागे ठेवले. मालकीणबाई चहा घेऊन दारात आल्या.

"हे काय?"

"तू."

"मी?"

"म्हणजे तुझं वजन. ट्रायलपुरतं."

त्यांनी मोजले. "सहा तागे? जाडे? सुटाचे?"

"अगं अंदाज."

"दोन काढा."

मालकांनी मुकाट्याने दोन काढले. त्या दिवशी सगळ्या फेऱ्या फुकट गेल्या. चार ताग्यांना मी सरळ जायचे, पण मनात मला माहीत होतं की हे खरं नाही. ते मालकांनाही माहीत असावं, पण घरात सांगणार कोण? शनिवारी सकाळी मालक पाना शोधत आत गेले होते. मालकीणबाई बोळात आल्या. इकडे तिकडे पाहिलं. एक तागा उचलला, डब्यात ठेवला, जणू आवराआवरी करतायत, आणि आत गेल्या.

मालक आले. ताग्यांकडे पाहिलं. पुन्हा मोजले. शीळ वाजवत किक मारली. त्या दिवशी अर्ध्या आट्यावर अर्धा आटा, डब्याचं चाक पुढून बोटभर आत, आणि मोकळ्या रस्त्यावर मालकांनी पकड सैल केली तेव्हा मी दोऱ्यासारखी सरळ गेले. घड्याळजी दुकानाच्या पायरीवर उभा होता. म्हणाला, "शेठ, पुन्हा वाकडी केलीत!"

"आधीची वाकडी दुसऱ्याच्या नजरेची होती," मालक म्हणाले, "ही माझ्या मापाची."

रविवार उजाडला. मालकांनी नट पक्के आवळले, मला पुसलं, डब्याची गादी झटकली. कुठे जायचं हे त्यांनी विचारलं नाही. नऊ वाजले. दहाला टेंपो येणार. मागचं दार उघडलं. मालकीणबाई पिशवी घेऊन उभ्या.

"ट्रायलला खरं गिऱ्हाईक लागतं ना?"

"लागतं."

"चौकापर्यंत. चौकात मी उतरणार, आणि परत टॅक्सीने."

बसल्या. डब्याचं छोटं दार लावलं. पिशवी मांडीवर घट्ट धरली. निघालो. मालकीणबाई रस्त्याकडे बघत नव्हत्या, समोरच्या काचेकडेही नाही. त्या पूर्ण वेळ मालकांच्या हातांकडे बघत होत्या.

चौक आला. मालक थांबले. "उतरतेस?"

"का थांबलात?"

"चौक."

"मला दिसतोय चौक. तिकडे ताईने पत्ते पिसायला घेतले असतील. चला." आणि मग जरा वेळाने, काचेआडून, "आज बोटं पांढरी नाहीत तुमची."

वाळूचा ढीग अजून तिथेच होता. आम्ही त्याच्या बाजूने गेलो, जसं ओळखीचं कोणी रस्त्यात दिसावं आणि आपण घाईत असावं.

परत आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. बोळात टेंपो उभा. हॉटेलवाले नव्या कोटात घामाघूम, शेजारी दोन कुंड्याही आणलेल्या. खांदे मात्र अजून एका रेषेत.

"बाई, दहा वाजता म्हणाला होतात."

"म्हणाले होते," मालकीणबाई डब्यातूनच म्हणाल्या. "चूक माझी. रागात बोलले, आणि तुम्हाला उन्हात उभं केलं. पण ही देता यायची नाही हो. हिच्यात माणूस बसतं." मग मालकांकडे वळल्या. "अहो, तो टब आणा."

"कुठला?"

"तुमचा."

पत्र्याचा तो टब, तेलाचा वास न गेलेला, टेंपोत चढला. हॉटेलवाले आधी गोंधळले, मग त्यांनी टबाला बोटाने वाजवून बघितलं आणि म्हणाले, "माती चांगली मावेल." आता तो त्यांच्या दारात आहे. फुलं छान येतात म्हणे. मी त्या रस्त्याने जाते तेव्हा त्याच्याकडे बघून एकदा जास्तीचं फुरफुरते.

तर अशी मी. वय झालंय. टाकीचा रंग कोपऱ्यात उडालाय, सीटच्या एका शिवणीला मालकांनी दुहेरी टीप घातलीय. दुकानातल्या मापांच्या वहीत गिऱ्हाइकांच्या पानांमध्ये माझंही एक पान आहे. 'वरचा दांडा: दोन आटे. चाक: बोटभर आत. डबा: पाच तागे.' शेवटच्या ओळीतले पाच कोणीतरी पेन्सिलीने खोडून साडेचार केलेत. मालकांनी ते पाहिलंय आणि तसंच ठेवलंय.

तुम्ही कधी आमच्या मागून येत असाल तर मी तुम्हाला जरा उजवीकडे कललेली दिसेन. सिग्नलला लोक शेजारी थांबून सांगतात, "काका, गाडी वाकडी आहे." तुम्ही नका सांगू. माझ्या दुरुस्त्या पुष्कळ झाल्या, आता मला फक्त चालायचंय. फार वाटलंच तर बोळात या, मालक तुम्हाला स्टूल देतील, चहा देतील आणि माझ्यावर अर्धा तास बोलतील. डब्यात बसवून फिरवा म्हणाल, तर मात्र रविवार सोडून या. रविवारी ती जागा भरलेली असते.